बीबी झुवैनाचा भाऊ

ओमानमध्ये हुसैनमियाँना कुणीच भारतीय समजत नाही. पेट्रोल पंपावरचा माणूस त्यांच्याशी अरबीत बोलतो. बरका गावच्या मासळी बाजारातला म्हातारा लांबूनच त्यांना स्वाहिलीत हाक मारतो आणि उत्तर आलं नाही की रुसतो. वाटेत कुठं तपासणी असली तर पोलीस आमची गाडी नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं पुढे काढतात. मी एकटी टॅक्सीनं गेले असते तर आधी माझं कार्ड मागितलं असतं.

त्यात नवल काही नाही. झंझिबार बेटावर पूर्वी ओमानच्या सुलतानांचं राज्य होतं. तिथं पिढ्यान् पिढ्या राहून परत आलेली कितीतरी घरं या किनाऱ्यावर आहेत. आफ्रिकेचा रंग, आफ्रिकेचे केस, घरात स्वाहिली, आणि कागदावर पक्के ओमानी. हुसैनमियाँ त्यांच्यात मिसळून गेले तर हुडकून काढता यायचे नाहीत.

पण हुसैनमियाँ मुरूडजवळच्या एका गावचे. सिद्दी. जंजिऱ्याचा किल्ला ज्यांनी शेकडो वर्षं राखला त्यांच्यातले. पण सिद्दी हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्या लेकीनं, अ‍ॅश्लीनं, एकदा तिच्या इंग्लिश मीडियमच्या मराठीत विचारलं, "अंकल, तुम्ही आफ्रिकाचे आहे का?" तर म्हणाले, "नाही बेटा, रायगडचा." आणि लगेच रेडिओ लावला.

मी मॅग्डलिन, वसईची. नर्स आहे. बरक्याला यासिर नावाच्या ओमानी गृहस्थांच्या घरी त्यांच्या म्हाताऱ्या आईला सांभाळते. हुसैनमियाँ तिथले ड्रायव्हर. आम्ही दोघंही मस्कतमधल्या वादी अदाईला राहतो. मी नवरा व्हॅलेंटाईन आणि अ‍ॅश्लीबरोबर, ते रत्नागिरी-रायगडच्या चार-पाच जणांबरोबर एका खोलीत. त्यामुळे रोज जाता-येता गाडीत आमचं मराठी चालतं. ते मला सिस्टर म्हणतात, मी त्यांना हुसैनभाई.

त्या खोलीतल्या माणसांचं मला कधीच पटलं नाही. माणसं वाईट नाहीत, ईदला आम्हाला डबा पाठवतात. पण लाईट गेली की कुणीतरी म्हणणारच, "ए शिद्दी, जरा हस, उजेड पडू दे." आणि सगळ्यात मोठ्यानं हसणार कोण, तर हुसैनमियाँ! मी एकदा रागावून म्हटलं, "हुसैनभाई, तुम्ही हसता म्हणून ते बोलतात." म्हणाले, "मी हसलो नाही तरी बोलतील, सिस्टर. मग हसलेलं बरं." खोलीवाल्यांना ते सांगत, आमचे पूर्वज यमनचे अरब. कुणाला पटत नसे. त्यांना स्वतःलाही पटत नसावं.

यासिरच्या आईला घरातले सगळे बीबी म्हणतात. बीबी झुवैना. झंझिबारला जन्मलेल्या. विशीत असताना तिथं उठाव झाला, अरबांची कत्तल झाली, आणि वाचलेले लोक मिळेल त्या जहाजानं निघाले. तशाच एका जहाजातून बीबी आल्या. आता त्यांची आठवण विस्कटली आहे. सकाळी केलेला नाश्ता दुपारी आठवत नाही, पण लहानपणच्या शेजारणीच्या बकरीचं नाव आठवतं. अरबी जवळजवळ सुटली, उरली ती स्वाहिली.

हुसैनमियाँ एरवी घरात यायचे नाहीत. एकदा बीबींची नवी चाकाची खुर्ची उचलून आणायला मी त्यांना खोलीत बोलावलं. बीबींनी वर पाहिलं. बघतच राहिल्या. मग दोन्ही हात पुढे करून हाका मारायला लागल्या, "जुमा! जुमा!" हुसैनमियाँ खुर्ची धरून तसेच उभे. बीबींनी त्यांचा हात ओढून गालाला लावला आणि सोडेचनात.

यासिर धावत आला. त्याला तोडकीमोडकी हिंदी येते. म्हणाला, जुमा तिचा धाकटा भाऊ, सावत्र. लहानपणीच तापानं गेला. तुझ्यात तिला तो दिसतोय. मग थोडा घुटमळून म्हणाला, "बसशील जरा? ती किती दिवसांनी हसली बघ."

हुसैनमियाँ बसले. पाच मिनिटांसाठी बसले ते रोजचंच होऊन बसलं. मी औषध दिलं तर बीबी तोंड फिरवायच्या. जुमानं दिलं की मुकाट्यानं घ्यायच्या. नारळाच्या दुधातला भात त्या स्वतःच्या हातानं जुमाला भरवायच्या. हुसैनमियाँना स्वाहिलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आपले मान हलवत. पण हळूहळू दोन-चार शब्द शिकले. "हो", "बरं आहे", "जेवलो". मग एके दिवशी डोक्यावर ओमानी टोपी आली, नक्षीची. मी म्हटलं, "वा! आता नवरी शोधायची का बरक्यात?" तर चक्क लाजले.

मला वाटलं, बाईला बरं वाटतंय, माणसालाही बरं वाटतंय, कुणाचं काय बिघडतंय? आणि खरं सांगायचं तर हुसैनमियाँ बदलले होते. मान वर करून चालायला लागले. ज्या चेहऱ्यासाठी खोलीतले त्यांची टर उडवत, तो चेहरा बघून इथं कुणाचं तरी तोंड उजळत होतं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला असं काही मिळालं तर तो ते का नाकारील?

ईदला बीबींचं सगळं गणगोत जमलं. बीबींनी हुसैनमियाँना शेजारी बसवलं आणि येईल त्याला सांगितलं, हा माझा भाऊ. घरच्यांना खरं ठाऊक होतं, तरी मान राखून एकेकानं येऊन त्यांच्याशी हात मिळवला. नातवंडांनी तिथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं. हुसैनमियाँ छान बसले होते. पण परतताना गाडीत बसले आणि किल्ली काही फिरवेनात.

"काय झालं?"

"काय नाही सिस्टर. इतकी माणसं मला आपलं म्हणाली. मला आवडलं."

"मग आवडू दे की!"

"म्हणूनच लाज वाटते," म्हणाले, आणि गाडी सुरू केली. मला तेव्हा काही उलगडा झाला नाही.

उलगडा झाला पुढच्या आठवड्यात. दुपारची वेळ होती. बीबी उशीला टेकून बसल्या होत्या, हुसैनमियाँ संत्रं सोलत होते, यासिर दारात मोबाईल बघत उभा होता. बीबी एकदम रडायला लागल्या आणि जुमाचा हात धरून भराभर बोलायला लागल्या. यासिरनं मोबाईल खाली केला. त्याचा चेहरा उतरत गेला.

मी विचारलं, "काय म्हणतात?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग हिंदीत, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. जुमा तापानं गेला नव्हता. तो वडिलांच्या काळ्या बायकोचा मुलगा. दहा-अकरा वर्षांचा. धक्क्यावर तो बीबींचा हात धरून रांगेत उभा होता. जहाजावर चढवणारा माणूस अरबांनाच घेत होता. त्यानं जुमाकडे बोट दाखवून विचारलं, हा तुमच्यातला? बीबी घाबरल्या. याच्यामुळे सगळ्यांनाच उतरवतील असं वाटलं. म्हणाल्या, "नाही. हा आमचा नाही. मोलकरणीचा मुलगा आहे." आणि हात सोडला.

"इतकी वर्षं आम्हाला ताप सांगत होती," यासिर म्हणाला. मग हुसैनमियाँकडे वळला. "ती विचारतेय, माफ केलंस का? हो म्हण. एवढं हो म्हण, भाई."

बीबी टक लावून बघत होत्या. 'हो'ला स्वाहिलीत काय म्हणतात ते हुसैनमियाँना चांगलं येत होतं. रोज दहा वेळा म्हणत होते. पण त्यांनी अर्धवट सोललेलं संत्रं ताटलीत ठेवलं, हळूच हात सोडवून घेतला आणि खोलीबाहेर निघून गेले.

मला असा राग आला! संध्याकाळी गाडीत मी त्यांना फाडून खाल्लं. म्हटलं, "भात खाताना जुमा, टोपी घालताना जुमा, आणि म्हातारीला एक शब्द द्यायची वेळ आली तेव्हा पळालात? एवढं काय जड होतं?"

ते गाडी चालवत राहिले. सीबचा चौक मागे पडल्यावर म्हणाले, "कुणाच्या नावानं हो म्हणू, सिस्टर? तो पोरगा धक्क्यावर उभा राहिला. मी तो नाही. मी हात सोडून बोटीवर चढलेला माणूस आहे."

आणि मग त्यांनी सादियाच्या लग्नाचं सांगितलं.

सादिया त्यांची एकुलती एक मुलगी. आईवर गेलेली, गोरी. हुसैनमियाँची बायको अंबरीन सिद्दी नाही. तिच्या माहेरच्यांनी हे लग्न कसंबसं पचवलं होतं. सादियाला दोन वर्षांपूर्वी खेडचं स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा शिकलेला. सगळं जमलं, आणि मुलाची आई सहज म्हणाली, "तुमच्याकडची माणसं मोजकीच असतील ना?" बस, एवढंच. शहाण्याला शब्दाचा मार. हुसैनमियाँना कळलं, मुलीच्या बापाला ते चालवून घेताहेत, पण बापाच्या मागे आणखी तसे चेहरे नकोत. आणि मागे होतं तरी कोण? गावात एकटी राहणारी त्यांची आई, रशीदा. काळीभोर, पांढऱ्या कुरळ्या केसांची.

"आयेला कळवलंच नाही. निकाह झाल्यावर आठवड्यानं फोन केला. म्हटलं, घाईत झालं, दोन दिवसांत ठरलं. ती म्हणाली, बरा झाला. बाकी काही नाही. सिस्टर, सादिया तिच्या मांडीवर वाढली. मी इकडे, अंबरीन आजारी, तेव्हा तिनंच केलं सगळं. कुणी मला विचारलंसुद्धा नव्हतं, ही तुमची का म्हणून. त्या बीबीला निदान कुणीतरी विचारलं होतं. मी तर न विचारताच..."

मी गप्प बसले. माझ्यासारखी बडबडी बाई गप्प बसते तेव्हा व्हॅलेंटाईन कपाळाला हात लावून ताप बघतो. खरं म्हणजे मला हुसैनमियाँचा रागच आला होता, आणि तो शेजारी बसलेल्या माणसाला दाखवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बीबींनी खाणं सोडलं. पाणी घ्यायच्या, बाकी तोंड मिटलेलं. हुसैनमियाँ दारापर्यंत यायचे, बीबी आशेनं बघायच्या, ते परत फिरायचे. डॉक्टर म्हणाले, या वयात असं फार दिवस चालत नाही. यासिरनं झंझिबारला ओळखीच्यांना फोन लावायला सुरुवात केली होती, जुमाचा काही पत्ता लागतो का म्हणून. पण साठ वर्षांपूर्वी धक्क्यावर सोडलेलं मूल फोनवर कसं सापडणार? तो हुसैनमियाँना म्हणाला, "मी जबरदस्ती करणार नाही. पण ती वाट बघत मरेल." जबरदस्ती केली असती तर बरं, इतका त्याचा स्वर केविलवाणा होता.

त्या दुपारी घरासाठी सुरमई घ्यायला आम्ही मासळी बाजारात गेलो. गाडी लावली आणि हुसैनमियाँ उतरलेच नाहीत. म्हणाले, "आधी आयेला विचारतो. तिनं मला माफ केलं तर मग मी कुणालातरी काही देऊ शकेन." मी दार उघडून उतरायला लागले तर म्हणाले, "बसा सिस्टर. तुम्हाला ठाऊकच आहे." फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. पलीकडून आधी कोंबड्यांचा आवाज आला, मग म्हातारीचा.

"आये, मना माफ कर."

"क्याला रं? बरा हायस ना?"

"सादियाच्या लग्नाला तुना बोलावला नाय. घाई-बिई काय नव्हती. मीच नाय बोलावला. लोकं तुना बघतील म्हनून."

पलीकडे म्हातारीनं कोंबड्यांना हुसकावलं.

"मना म्हाईत हाय," म्हातारी म्हणाली. "मी आलती ना."

"कुठं?"

"खेडला. लग्नाला. नूरबानूच्या मोबाईलवर पत्रिका आलती, तिनं दाखवली. बोल्ली, चाची, तुमच्या सादियाचा लगीन. मी येश्टी पकडली. दोन येश्ट्या बदलल्या."

हुसैनमियाँनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. गाडी तर बंद होती.

"हॉलवर तुज्या इज्जतीला धक्का नको म्हनून मी मागून गेली, भटारखान्यात. तिथं बाया कांदं सोलत व्हत्या. मी पन बसली. लग्नाच्या भटारखान्यात कोन कोनाला इचारतंय? हात चालला की झाला. एकीनं इचारलान, तू कोनाची? मी बोल्ली, कोनाची नाय, कामाला आल्येय."

"आये..."

"मागच्या दारातून पोरगी दिसली रं! काय दिसत व्हती! लाल कपडा घातलेला. आनि तू आलतास ना दारात, जेवन लवकर काढा बोलायला? मी घाईघाईनं पदर वढला तोंडावर. वाटला, बघितलान की काय यानं. पन तू गेलास."

 मग हुसैनमियाँनी जे विचारलं ते ऐकून मी खिडकीकडे तोंड केलं.

"जेवलीस का, आये?"

"जेवली ना! बिर्यानी बरी व्हती. मीठ कमी व्हता जरा."

"मना माफ केलंस का?"

"आता त्यात माफ काय करायचा? लगीन तर बघितला ना मी. आनि रडू नको, गाडी चालवतोस तू." आणि म्हातारीनं फोन ठेवला. कोंबड्यांना दाणे घालायचे असतील.

आम्ही सुरमई घेतली नाही. सरळ घरी आलो. हुसैनमियाँनी तोंड धुतलं, टोपी गाडीत काढून ठेवली आणि बीबींच्या खोलीत जाऊन त्यांच्या पायाशी बसले. यासिरला म्हणाले, "मालक, मी बोलतो ते तिच्या भाषेत सांगा. जसंच्या तसं."

बीबींनी डोळे उघडले.

"मी त्याच बोटीत होतो," हुसैनमियाँ म्हणाले. "तू हात सोडलास, मग मी मागून चढलो. खाली भटारखान्यात जाऊन बसलो. तिथं कांदे सोलत होते, मीही सोलायला लागलो. कुणी विचारलं कुणाचा, तर मी म्हटलं, कुणाचा नाही, कामाला आलोय. दाराच्या फटीतून तू दिसत होतीस. तू एकदा खाली आलीस, तेव्हा मी तोंड झाकून घेतलं, तुझी अडचण नको म्हणून. पण मी होतो. पूर्ण वाटभर होतो. जेवलोसुद्धा."

यासिरनं एकूण एक शब्द सांगितला. बीबी ऐकत होत्या. कुठंतरी मधेच त्यांचा श्वास मोकळा झाला, छातीवरून काही उतरवून ठेवावं तसा. त्यांनी काहीतरी विचारलं.

"विचारतेय, तिथं काय जेवलास?" यासिर म्हणाला.

"बिर्याणी," हुसैनमियाँ म्हणाले. "मीठ कमी होतं."

बीबी हसल्या. खदखदून, तोंडाला ओढणी लावून. मग भात मागितला. मी वाटी घेऊन गेले तर मला हातानं बाजूला करून जुमाकडे बोट दाखवलं. हुसैनमियाँनी भरवलं, त्यांनी सगळं खाल्लं आणि खाता खाता झोपी गेल्या. यासिर गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

परतीच्या वाटेवर मी खूष होते, कशाला खोटं बोलू? म्हटलं, "हुसैनभाई, आज तुम्ही मोठं पुण्याचं काम केलंत. बघा, म्हातारी कशी सुटली! आणि आईनंही मनात काही ठेवलं नाही. आता तुम्हीही सोडा."

त्यांनी मान हलवली. वाटेत पोलीस होते. एकानं हुसैनमियाँकडे बघितलं, हसून अरबीत सलाम केला आणि गाडी पुढे काढली. एरवी हुसैनमियाँही हात वर करतात. आज केला नाही. बरंच अंतर गेल्यावर, समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "सुट्टी मागितलीय. गावाला जातो. आयेला घेऊन खेडला जातो, सादियाच्या घरी. पुढच्या दारानं."

"मग तर झालंच की!"

"नाही झालं, सिस्टर," ते म्हणाले. "बीबीला मी सांगितलं ते खोटं होतं, म्हणून ती सुटली. माझी आये खरंच तिथं होती."